आईच्या गोळ्या आणि आईची कारणं

अगं नंदा, काल फोनवर आईवर चिडलीस. "डॉक्टरांनी लिहून दिल्यात ना, मग घ्यायच्या, त्यात एवढं काय!" पुण्यात बसून तसं वाटणारच. पण इथे मारेगावात मी रोज तिच्यासोबत आहे, म्हणून सांगते. ती हट्टानं गोळी टाळत नाही. प्रत्येक टाळलेल्या गोळीमागे तिचं एक कारण असतं, आणि ते तिला कुणी विचारलेलंच नसतं.

बीपीचंच घे. मोजलं तेव्हा बीपी बरोबर निघालं, तर म्हणाली, "बरं झालं ना, मंग आता कायले खाऊ?" ताप उतरला की गोळी बंद, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव. बीपी गोळीमुळेच ताब्यात आहे, सोडली की पुन्हा चढेल, हे तिला कुणी बसून सांगितलंच नव्हतं. शुगरच्या गोळीची तिला भीती वाटते. ती घेतली आणि जेवायला उशीर झाला, तेव्हा दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते. ती भीती खरी आहे बाई! ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर फार खाली जाऊ शकते. एकादशी, नवरात्रात गोळीचं काय करायचं, ते उपासाच्या आधीच डॉक्टरांना विचारायला हवं.

पैशाचं ती तोंडानं बोलणार नाही. कापसाचा चुकारा यायचा असला की गोळी अर्धी करते, नाहीतर दिवसाआड घेते. पोरांवर भार नको, एवढंच तिच्या मनात. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, पण फुकटचं औषध हलकं, असं तिला वाटतं. मग तिथली अ‍ॅम्लोडिपिन डब्यात पडून राहते आणि खाजगीतून दुसऱ्या नावाची तीच गोळी येते. पाकिटाचा रंग वेगळा म्हणून एखादं म्हातारं माणूस दोन्ही घेऊन बसतं. पाकिटावर बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, ते आपण वाचायचं.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र गुडघ्याच्या गोळीची आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफेनॅक. वेचणीच्या दिवसांत अख्खं गाव ती खातं, आणि डॉक्टरांनी "काय काय घेता?" विचारलं तर तिचं नाव कुणी घेत नाही, कारण ते औषधच वाटत नाही. ही गोळी बीपी वाढवते. बीपीच्या काही गोळ्यांसोबत मूत्रपिंडावर ताण आणते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. काढा, चूर्णं, शेजारणीनं दिलेली झोपेची गोळी, हेही सगळं त्याच यादीत यायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये औषधांमुळे होणारी इजा टाळण्याची जगभर मोहीम सुरू केली, त्यात एकाच माणसानं खूप औषधं घेणं हा एक मुख्य विषय होता. म्हणजे हे दुखणं काही आपल्याच घरचं नाही.

आणि एक नाजूक गोष्ट. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली, तर आई खूश होईल असं मला वाटलं. ती गप्प झाली. रात्री म्हणाली, "आता मायावर औषध लागू पडत नाही का वं?" गोळ्यांचा कंटाळा तिला आहेच, पण आपल्यासाठी कुणीतरी काही करतंय हा आधारही तिला त्यातूनच मिळतो. गोळी कमी झाली तर का झाली, हेही सांगावं लागतं.

दिवाळीला येशील तेव्हा सगळी पाकिटं चादरीवर मांड आणि एकेक हातात देऊन विचार, "ही कशाची? घेतल्यावर कसं वाटते?" मधे बोलू नकोस. मग ती अख्खी पिशवी एकाच डॉक्टरांसमोर ठेवू. आपल्या मनानं एकही बंद करायची नाही, काही गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात. तिला वाचता येत नाही, म्हणून सकाळच्या पाकिटावर सूर्य काढ, रात्रीच्या पाकिटावर चंद्र. आणि तुझी चित्रं तिला कळली का, ते तिच्याच तोंडून ऐकून घे.