शंभर टक्के कशाचे?

शाळेत आलेखवहीवर काढलेला शतमान स्तंभालेख मला अजून आठवतो. दहा सेंटिमीटरचा स्तंभ, एक मिलिमीटर म्हणजे एक टक्का. प्रत्येक भाग रंगवण्याआधी त्रैराशिक मांडावं लागे, त्यामुळे कशाला कशानं भागलं हे पक्कं ठाऊक असे. आता सर्वेक्षणांच्या अहवालांसाठी मी तेच आलेख ‘आर’ या संगणकभाषेत, ‘जीजीप्लॉट’ वापरून काढते. दोन-तीन ओळी लिहिल्या की स्तंभ तयार. भागाकार मात्र डोळ्यांसमोर होत नाही, आणि माझ्या बहुतेक चुका तिथेच झाल्या आहेत.

१. चुकीचा आलेख अगदी नीटनेटका दिसू शकतो. आरमध्ये सरावासाठी टायटॅनिकची माहिती आयतीच मिळते: जहाजावरच्या २,२०१ जणांपैकी कोण वाचलं, कोण नाही. मी तिचा पहिला आलेख काढला तेव्हा चारही स्तंभ – पहिला वर्ग, दुसरा, तिसरा आणि जहाजाचे कर्मचारी – बरोबर मधोमध दुभंगले. सगळीकडे निम्मे वाचले, निम्मे बुडाले. एरर नाही, कसली सूचना नाही. मी ते चित्र बराच वेळ खरं मानून बसले होते. मग तक्ता उघडला. त्यात एका माणसाची एक ओळ नव्हतीच. वर्ग, लिंग, वय आणि वाचलं की नाही, यांच्या जुळण्यांच्या ३२ ओळी होत्या आणि माणसांचा आकडा शेवटच्या रकान्यात होता. जीजीप्लॉटमधल्या ‘जिऑम बार’ या फंक्शननं तो रकाना बघितलाच नाही, नुसत्या ओळी मोजल्या. प्रत्येक वर्गाच्या आठ ओळी: चार वाचलेल्यांच्या, चार बुडालेल्यांच्या. ‘जिऑम कॉल’ला तो रकाना दिला आणि चित्र पालटलं. पहिल्या वर्गातले ६२ टक्के वाचले होते, तिसऱ्या वर्गातले २५. तेव्हापासून कुठलाही आलेख बाहेर पाठवण्याआधी त्यातल्या एका तरी स्तंभाचा भागाकार मी कागदावर करून बघते.

२. शंभर टक्के कशाचे, हे संगणक विचारत नाही. आपण सांगावं लागतं. प्रमाण काढणाऱ्या ‘प्रॉप टेबल’ या फंक्शनमध्ये मार्जिन १ लिहिलं तर आडव्या ओळीची बेरीज एक होते, २ लिहिलं तर उभ्या रकान्याची. एका आकड्याचा फरक, पण प्रश्नच बदलतो. वाचलेल्या ७११ जणांत कर्मचारी २१२ होते, म्हणजे जवळजवळ ३० टक्के, पहिल्या वर्गापेक्षाही जास्त. हा स्तंभ बघणाऱ्याला वाटेल, कर्मचाऱ्यांनी आधी आपला जीव वाचवला. पण जहाजावर कर्मचारीच ८८५ होते आणि त्यांतले २४ टक्के वाचले. चारही गटांत हेच प्रमाण सर्वांत कमी. मेलेल्या माणसांवर नकळत आरोप करणारा आलेख एका आकड्याच्या चुकीनं तयार होतो, हे कळलं तेव्हा मी खरंच हादरले.

३. सगळे स्तंभ सारख्या उंचीचे केले की माणसांची संख्या पुसली जाते. ‘पोझिशन फिल’चं कामच ते. एकदा गावातल्या बैठकीत आमचा आलेख भिंतीवर दाखवत होते. मागे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “ताई, आमची वाडी चार घरांची. आमचा खांब गावठाणाएवढा उंच कसा?” मी टक्केवारी समजावून सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. टायटॅनिकवरही पहिल्या वर्गातली सगळी मुलं वाचली, स्तंभ एकाच रंगाचा. पण ती मुलं होती सहा. तिसऱ्या वर्गात ७९ मुलं होती, त्यांतली २७ वाचली. आता माझ्या प्रत्येक स्तंभाखाली एकूण संख्या छापलेली असते.

४. क्रम आपण ठरवला नाही, तर तो अक्षरं ठरवतात. शिक्षणाचा आलेख काढला तर भाग आले निरक्षर, पदवी, प्राथमिक, माध्यमिक. ‘फॅक्टर’ला ‘लेव्हल्स’ सांगितल्या की मिटतं. त्याहून मोठी अडचण मधल्या भागांची आहे. तळाचा आणि माथ्याचा भाग नजरेला तोलता येतो, मधले अधांतरी राहतात. त्यामुळे जे सांगायचं आहे ते मी तळाशी ठेवते.

५. एकच स्तंभ पुरेसा आहे असं वाटतं, तेव्हा मी बर्कलीची आठवण काढते. १९७३ साली तिथल्या विद्यापीठाच्या सहा मोठ्या विभागांत ४,५२६ जणांनी पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज केले. ही माहितीही आरमध्ये आहे. दोनच स्तंभ काढले तर पुरुषांना ४५ टक्के प्रवेश, स्त्रियांना ३०. अन्याय उघड दिसतो. विभागवार बारा स्तंभ काढले की सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघतं. पहिल्या विभागात तर ८२ विरुद्ध ६२. जिथे प्रवेश सहज मिळे त्या दोन विभागांत निम्म्याहून अधिक पुरुषांनी अर्ज केले होते. स्त्रियांपैकी जेमतेम ७ टक्क्यांनी. बाकीच्या स्त्रिया जिथे कुणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता तिथे गेल्या होत्या. त्या तिथेच का गेल्या, हे बारा स्तंभही सांगत नाहीत. स्त्री म्हणून मला तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

६. जे उत्तर देत नाहीत, त्यांना मी कित्येक वर्षं गाळत होते. ‘टेबल’ हे फंक्शन रिकामी उत्तरं मुकाट्यानं वगळतं. जीजीप्लॉट मात्र त्यांची राखाडी पट्टी काढतं. ती पट्टी आलेख मळकट करते म्हणून मी एक ओळ लिहून ती काढून टाकायची. मग घरातल्या पैशांचे निर्णय कोण घेतं, या प्रश्नाचा आलेख बघताना लक्षात आलं की राखाडी पट्टी स्त्रियांच्या स्तंभात जाड होती आणि पुरुषांच्या स्तंभात जवळपास नव्हतीच. त्या बायकांना प्रश्न विचारला तेव्हा घरात कोण कोण बसलं होतं, ते आमच्या फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नव्हतं. अहवाल तयार करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: ती राखाडी पट्टी काढू नका.