बियाणे राखणारे घर

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता 78:1–11, 2 तीमथ्य 1:3–7



शाळूची मळणी करण्यापूर्वी जुने शेतकरी उत्तम कणसे निवडून बियाण्यासाठी बाजूला ठेवीत. वर्ष कितीही कठीण गेले, तरी त्या कणसांना सहसा हात लावीत नसत. बियाणे खाल्ले तर आजची भूक भागेल, परंतु पुढल्या हंगामी पेरावयाचे काय? कुटुंबात आज आपण जे निर्णय घेतो, त्यांचेही असेच आहे.

आसाफाच्या स्तोत्रात पूर्वज, त्यांची मुले, पुढे जन्मणारी पिढी आणि तिची मुले, अशी परंपरा सांगितली आहे. देवाची कृत्ये बापाने मुलाला सांगावी आणि मुलाने आपल्या मुलाला, अशी देवाची आज्ञा होती. त्याच स्तोत्रात पुढे एफ्राईमाचे वंशज येतात. त्यांच्या हाती धनुष्ये होती, तरी लढाईच्या दिवशी त्यांनी पाठ फिरविली. कारण देवाची कृत्ये ते विसरले होते. मुलांना साधने दिली आणि आठवण दिली नाही, तर असे होते.

ह्या वचनाची साक्ष आपल्याच मुलखात पाहावयास मिळते. डॉ. विल्यम वॉनलेस हे 1889 मध्ये हिंदुस्थानात आले. 1894 मध्ये मिरजेस त्यांचे रुग्णालय उघडले. ते शस्त्रक्रियेत निपुण होते. सारा वेळ रोग्यांनाच दिला असता, तरी कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु 1897 पासून त्यांनी आपल्या देशातील तरुणांना वैद्यकी शिकविण्याचे काम हाती घेतले. शिकविण्यात गेलेला प्रत्येक तास म्हणजे बाजूला ठेवलेले बियाणेच होते. 1928 मध्ये ते निवृत्त झाले आणि 1933 मध्ये निवर्तले. परंतु त्यांनी शिकविलेले हात त्यांच्यामागेही काम करीत राहिले.

कृष्णेच्या वरच्या अंगास सातारा. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1917 मध्ये तेथे राहावयास गेले. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या घरावर आशीर्वाद नव्हे, तर वियोगच आला. लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षे उभयतांना फार जड गेली. म्हणून विश्वासाने केलेल्या निवडीचे फळ लगेच दिसेल, असे कोणी समजू नये.

टिळकांनी आणखी एक निवड केली होती. शाळेत न गेलेल्या आपल्या पत्नीस त्यांनी लिहावयास व वाचावयास शिकविले. 9 मे 1919 रोजी ते प्रभूकडे गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ सुमारे दहा अध्यायांवरच थांबले होते. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचिले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि आज ती सर्व महाराष्ट्राची ठेव आहे. घरात अक्षरे गिरविली गेली, तेव्हा हे कोणाला ठाऊक होते?

आता आपल्या घराकडे पाहू. आपण सगळेच डॉक्टर किंवा कवी नाही. परंतु संध्याकाळी दिवा लागल्यावर शास्त्र उघडावयाचे की नाही, हे आपल्याच हाती आहे. ऊसतोडीचा हंगाम आला म्हणून मुलीची शाळा सोडवावयाची काय? लग्नाच्या थाटासाठी कर्ज काढून ते मुलांच्या डोक्यावर ठेवावयाचे काय? बापाने दारू पिऊन यावे आणि रविवारी मुलास उपासनेला पाठवावे, तर मुलगा कोणता धडा शिकेल? हे बियाणे खाणे होय.

कित्येक भगिनी म्हणतील, “पाळकसाहेब, आमच्या घरचा कर्ता देवाचे नाव काढीत नाही, आम्ही एकट्या काय करणार?” तीमथ्याचा बाप हेल्लेणी होता. त्याला विश्वासाचा वारसा मिळाला तो आजी लोईस व आई युनीके यांच्याकडून. ह्या दोघींचे नाव पवित्र शास्त्रात एकदाच आले आहे. परंतु त्यांनी राखलेल्या बियाण्याचे पीक मंडळीने पिढ्यानपिढ्या खाल्ले आहे.

विचारासाठी प्रश्न

1. आपल्या आईबापांच्या वा आजीआजोबांच्या कोणत्या निर्णयाचे फळ आपण आज भोगीत आहोत?
2. आजच्या गरजेपायी आपल्या घरात कोणते बियाणे खाल्ले जात आहे?
3. ह्या आठवड्यापासून आपण मुलांना कोणती एक गोष्ट शिकवू?

प्रार्थना : हे प्रभो, ज्यांचे तोंड आम्ही पाहणार नाही, त्या लेकरांसाठी आज विश्वासूपणे वागण्यास आम्हांस साहाय्य कर. आमेन.