नदीचें पाणी व कायद्याचा विद्यार्थी

अंबाडीच्या आसपासचा शेतकरी पावसाळ्यांत भात घेतो, आणि पाण्याची सोय असेल तेथें पुढें भाजीपाला करितो. या दुसऱ्या पिकाची सारी भिस्त तानसेसारख्या नदीच्या पाण्यावर असते. तें बिघडलें म्हणजे हंगाम बुडाला असें समजून पुष्कळ बंधु स्वस्थ बसतात. तसें बसण्याचें कारण नाहीं, हें येथें सांगावयाचें आहे.

नदींत दूषित द्रव्य सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमानें मनाई आहे. २०१० च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय हरित अधिकरण स्थापन झालें. आपल्या भागाचें खंडपीठ पुण्यास आहे. आपल्याच जिल्ह्यांतील उल्हास नदीच्या प्रदूषणाचें प्रकरण एका संस्थेच्या अर्जावरून या अधिकरणापुढें चाललें. मात्र तंटा प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज करावा लागतो. नुकसानभरपाईपुरती ही मुदत पांच वर्षांची आहे.

वकिलाच्या फीची धास्ती अनेकांस वाटते. परंतु १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले यांस मोफत वकील मिळतो. कायद्याच्या महाविद्यालयांतून विधिसाह्य केंद्रें चालावींत, असेंहि त्याच कायद्याचें धोरण आहे. तेथील विद्यार्थ्यास सनद नसल्यामुळें कोर्टांत वकील म्हणून उभें राहतां येत नाहीं. पण तक्रारीचा मसुदा करणें, सातबाराचे उतारे जुळविणें, कारखान्यास मंडळानें दिलेल्या संमतिपत्राची नक्कल २००५ च्या माहिती अधिकाराखालीं मागविणें, हीं कामें तो उत्तम करूं शकतो. आणि प्रकरणाचा पाया याच कामांवर उभा राहतो.

तथापि विद्यार्थी कितीहि हुशार असला तरी त्यानें न पाहिलेल्या दिवसाची तारीख तो कोठून आणणार? ती शेतकऱ्यानेंच दिली पाहिजे. यासाठीं गांवांत एक वही घालावी. पाणी केव्हां बिघडलें, रंग व वास कसा होता, नाला कोठें मिळतो, कोणाचें कोणतें पीक करपलें, हें त्याच दिवशीं लिहून दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. मोबाइलनें छायाचित्र काढावें. आपण भरून ठेवलेल्या बाटलीवर विसंबूं नये. नमुना घेण्याची रीत २१ व्या कलमांत घालून दिली आहे, व तो मंडळाच्या अधिकाऱ्यानें सीलबंद करावा लागतो. म्हणून त्याच दिवशीं मंडळास लेखी कळवून पोच घ्यावी.

दूषित पाणी चार दिवसांत वाहून जातें व मागें पुरावा उरत नाहीं. पिकाची राखण करितों तशीच या वहीचीहि करावी, एवढीच आमची विनंति आहे.