ग्राहक-यशोगाथेचे लेखन : शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी मार्गदर्शन

शेतकरी उत्पादक कंपनी अवजारे भाड्याने देते, बियाणे व इतर निविष्ठा विकते. या व्यवहारात सभासद शेतकरी हाच तिचा ग्राहक असतो. समाधानी ग्राहकाचा अनुभव लिहून इतरांपुढे ठेवणे हा विपणनाचा परिणामकारक मार्ग आहे. केंद्र शासनाने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संघटनांच्या स्थापनेची योजना हाती घेतल्यानंतर अशा लेखनाची गरज अनेक नव्या संस्थांना भासू लागली आहे. तथापि, यशोगाथा वाचणारा शेतकरी तिच्या भरवशावर पुढील हंगामाचा पैसा गुंतवतो. म्हणून यशोगाथेचा हेतू विक्रीचा असला, तरी तिची शिस्त पीक प्रात्यक्षिकाच्या अहवालाची असावी. ही शिस्त कशी पाळावी, हे येथे बीबीएफ, म्हणजेच रुंद वरंबा सरी, पेरणी यंत्राच्या भाडेसेवेच्या उदाहरणाने स्पष्ट केले आहे. उदाहरणातील उत्पादनाचे व पैशांचे आकडे केवळ रीत समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत.

१. ग्राहकाची निवड

सर्वाधिक उत्पादन घेणारा शेतकरी निवडण्याचा मोह स्वाभाविक असतो. परंतु अशा शेतकऱ्याची जमीन, ओलिताची सोय आणि व्यवस्थापन मुळातच उजवे असण्याची शक्यता मोठी असते. सेवा घेतलेल्या सर्व ग्राहकांचे एकरी उत्पादन चढत्या क्रमाने लिहावे आणि मधल्या स्थानाजवळील शेतकरी निवडावा. वाचणाऱ्या बहुतेकांची परिस्थिती त्याच्याशी जुळते. एकूण किती जणांनी सेवा घेतली व त्यांपैकी किती जणांना लाभ झाला, हे एका वाक्यात अवश्य नमूद करावे.

२. माहितीचे संकलन

मुलाखत शक्यतो शेतावर आणि मळणीनंतर लगेच घ्यावी. काळ लोटला की आठवणीतले आकडे फुगतात किंवा आटतात. उत्पादनासाठी वजनकाट्याची पावती, दरासाठी बाजार समितीची हिशेबपट्टी आणि खर्चासाठी खरेदीच्या पावत्या पाहाव्यात. घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरावी. कृषी खर्च व मूल्य आयोगही प्रत्यक्ष खर्चाबरोबर कुटुंबाच्या श्रमाचे मूल्य विचारात घेतो. निंदणीचे काम बहुधा स्त्रिया करतात. त्यामुळे नव्या पद्धतीने निंदणीचे दिवस वाढले की घटले, हे घरातील स्त्रियांनाच विचारावे.

३. तुलना : लाभ नेमका किती?

यशोगाथांमधील सर्वांत मोठी चूक येथेच होते. समजा, एका शेतकऱ्याला गतवर्षी सपाट पेरणीत एकरी ६ क्विंटल सोयाबीन मिळाले आणि यंदा बीबीएफ पेरणीत ९ क्विंटल मिळाले. ही ३ क्विंटलची वाढ ४,५०० रुपये दराने १३,५०० रुपये भरते आणि तोच आकडा मथळ्यात जातो. परंतु त्याच शेतकऱ्याने शेजारच्या तशाच जमिनीत, त्याच वाणाची, यंदाच सपाट पेरणी केली होती आणि तेथे ८ क्विंटल उत्पादन आले. याचा अर्थ २ क्विंटल वाढ अनुकूल हंगामाची. यंत्राच्या वाट्याला १ क्विंटल येतो. मग एकरी हिशेब असा होतो :

• १ क्विंटल जादा उत्पादनाचे मूल्य : ४,५०० रुपये
• बियाण्यातील बचत : ५०० रुपये
• साध्या पेरणी यंत्रापेक्षा जादा भाडे : ४०० रुपये
• जादा काढणी व मळणी खर्च : ३०० रुपये
• निव्वळ जादा लाभ : ४,३०० रुपये

कंपनीने मथळ्यात ४,३०० हाच आकडा द्यावा. ४०० रुपये जादा भाड्याच्या तुलनेत तो लाभ पुरेसा आकर्षक आहे. १३,५०० रुपयांच्या अपेक्षेने आलेल्या ग्राहकाला ४,३०० मिळाले, तर प्रत्यक्षात नफा होऊनही तो स्वतःला फसलेला समजतो. ४,३०० च्या अपेक्षेने आलेला ग्राहक तेवढेच मिळाल्यावर पुढील वर्षी पुन्हा येतो आणि शेजाऱ्यालाही आणतो.

कृषी विज्ञान केंद्रांच्या आद्यरेषीय प्रात्यक्षिकांत सुधारित तंत्राशेजारी प्रचलित पद्धतीचे क्षेत्र ठेवले जाते, त्यामागे हेच कारण आहे. शेतकऱ्याकडे तुलनेचे क्षेत्र नसेल, तर त्याच शिवारातील, तशाच जमिनीच्या व त्याच पेरणी काळातील दोन-तीन सपाट पेरणीच्या शेतांचे उत्पादन नोंदवावे. पुढील हंगामापासून प्रत्येक गावातील एका ग्राहकाला पेरणीपूर्वीच काही ओळी जुन्या पद्धतीने पेरण्याची विनंती करावी.

४. परिस्थितीची नोंद

तंत्र कोठे लागू पडले, हे न सांगणारी यशोगाथा अपुरी असते. हैदराबादजवळील पटांचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत रुंद वरंबा सरीवर दीर्घकाळ काम झाले आहे. खोल काळ्या जमिनीत सरीतून जादा पाण्याचा निचरा होतो आणि वरंब्यावर ओल टिकते. लाल जमिनीवर मात्र ही पद्धत तितकी प्रभावी ठरली नाही. त्यामुळे विदर्भातील काळ्या जमिनीवरची यशोगाथा तेलंगणातील लाल जमिनीच्या शेतकऱ्याला तशीच्या तशी लागू होत नाही. जमिनीचा प्रकार व खोली, पाऊस व त्यातील खंड, वाण, पेरणीची तारीख आणि ओलिताची सोय या पाच बाबी चौकटीत द्याव्यात.

५. मांडणी

यशोगाथा साधारण ५०० ते ६०० शब्दांची असावी. तिचा क्रम असा ठेवावा : शेतकऱ्याची मूळ अडचण, त्याने पूर्वी केलेले उपाय, सेवा घेण्याचा निर्णय, अंमलबजावणी, आलेल्या अडचणी, तुलनेसह निष्पत्ती, आणि कोणास हे उपयुक्त, कोणास नाही. अडचणींचा परिच्छेद गाळू नये. यंत्राची पाळी उशिरा आली, लहान तुकड्यात ट्रॅक्टर वळवणे कठीण गेले, अशा नोंदींमुळे वाचकाचा विश्वास वाढतो आणि कंपनीलाही सेवेतील उणीव कळते.

शेतकऱ्याचे बोल त्याच्याच भाषेत द्यावेत. ‘यंदा पाणी साचलं नाही, एवढं खरं’ असे तो म्हणाला असेल, तर त्याचे ‘क्रांतिकारी बदल’ असे रूपांतर करू नये.

६. संमती व जबाबदारी

नाव, छायाचित्र, क्षेत्र आणि उत्पन्न प्रसिद्ध करण्यापूर्वी शेतकऱ्याची लेखी संमती घ्यावी. मसुदा त्याला वाचून दाखवावा आणि उत्पन्नाचा आकडा वगळण्याची मुभा द्यावी. त्याला भाड्यात सवलत किंवा मोबदला दिला असल्यास ते उघड करावे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होऊ शकते. त्यासंबंधीच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिफारस करणाऱ्याचे मत प्रामाणिक आणि पुरेशा माहितीवर वा अनुभवावर आधारलेले असणे आवश्यक आहे.

प्रकाशनापूर्वीची तपासणी

• निवडलेला ग्राहक प्रातिनिधिक आहे काय?
• त्याच हंगामातील तुलना दिली आहे काय?
• निव्वळ लाभ काढताना घरची मजुरी धरली आहे काय?
• जमीन, पाऊस व वाण यांची नोंद आहे काय?
• अडचणी आणि तंत्राच्या मर्यादा लिहिल्या आहेत काय?
• लेखी संमती आहे काय?

या सहाही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आल्यावरच यशोगाथा प्रसिद्ध करावी. एखादे उत्तर नकारार्थी असल्यास विस्तार कार्यकर्त्याने पुन्हा एकदा त्या शेतावर जाणे श्रेयस्कर ठरते.