पाटीतला पौल

आईबाबांनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सातवीतला माझा मुलगा शाळेतून आला आणि गळ्यातला क्रूस काढून डब्याच्या पिशवीत टाकला. दोरा भिजला असेल, असं मला वाटलं. तीन दिवसांनी पिशवी धुवायला घेतली, तर क्रूस तळाशी, पोळीच्या चुऱ्यात. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बसमधली तीन मुलं रोज विचारायची, "तुझ्या आजोबांनी ख्रिस्ती व्हायला किती पैसे घेतले रे?" एकाने दोरा ओढलाही होता. तो तर नाताळला आमच्याकडे करंज्या खाऊन गेलेला.

ह्यांचं डोकं तापलं. "उद्या एक ठेवून दे." मी म्हटलं, "जाऊ दे बाळा, आपण थोडे आहोत, लक्ष नको देऊस." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचा राग आणि माझी भीती, दोन्ही आमचंच होतं. लेकराला काय हवंय, ते कुणीच विचारलं नव्हतं.

शब्बाथशाळेत मी बारा वर्षं प्रेषित पौल शिकवते. दिमिष्कात मारेकरी वेशीवर पाळत ठेवून होते, तेव्हा शिष्यांनी त्याला रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं. मुलांना ही पाटी फार आवडते. पण हाच पौल फिलिप्पैत फटके खाऊन तुरुंगात पडला आणि अधिकारी त्याला गुपचूप सोडायला निघाले, तेव्हा जागचा हलला नाही. आम्ही रोमी नागरिक, चौकशीशिवाय मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा, असं त्याने सुनावलं. दिमिष्कात थांबून नुसता जीव गेला असता. फिलिप्पैत मान खाली घालून निघाला असता, तर लुदियेच्या घरी जमणाऱ्या नव्या मंडळीच्या माथी तो डाग राहिला असता. मला तरी फरक इथेच दिसतो. आपल्या थांबण्याने कुणाला आधार मिळणार, हे त्याने दोन्ही वेळा पाहिलं.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हे जगून दाखवलं. 1893 मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेवर धर्मांतराच्या संशयावरून गहजब झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार मंडळ बाजूला झालं. बाईंनी कुणावर सक्ती केली नाही, पण स्वतःची प्रार्थना दार लावूनही केली नाही.

त्या रात्री मात्र मला पौलाचा भाचा आठवला. शुभवर्तमान सांगणारे आपण बहुतेक त्याला ओलांडून पुढे जातो. यरुशलेमेत चाळीसहून अधिक माणसांनी पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ वाहिली. ते बहिणीच्या मुलाच्या कानावर आलं. त्याने गढीत जाऊन कैदेतल्या मामाला सांगितलं, मामाने त्याला रोमी सरदाराकडे धाडलं. सरदाराने त्याचा हात धरून बाजूला नेलं आणि काय सांगायचंय ते विचारलं. पोरगाच असणार तो, नाहीतर हात कोण धरतं? त्याच रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालेकरी पौलाला घेऊन निघाले. मुलं ज्याला चहाडी म्हणतात आणि म्हणून मुकाट सोसत बसतात, ते सांगणं एवढं मोलाचं असतं.

सकाळी मुलाला ही गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुला काय करावंसं वाटतं?" तो बराच वेळ दुधाच्या पेल्याकडे बघत राहिला. म्हणाला, "शाळेतल्या बाईंना सांगायचंय. पण तू ये. आणि ज्याने दोरा ओढला, त्याला शाळेतून काढू नका म्हणावं."

आम्ही गेलो. बोलला तोच. मी फक्त हात धरून उभी होते. बाईंनी नीट ऐकून घेतलं, त्या मुलांना एकेकट्याला बोलावलं, बसमध्ये याला पुढच्या सीटवर बसवलं. चिडवणं थांबलं, मैत्री काही परत झाली नाही.

क्रूस घालायचा की नाही, ते मी त्याच्यावर सोडलंय. मला आत कुठेतरी टोचतं, तरी बोलत नाही. आरशाशेजारच्या खिळ्याला तो लटकतोय. रविवारी उपासनेला निघताना मुलगा आपणहून हात वर करून तो काढतो आणि मला म्हणतो, "मागून गाठ मार, घट्ट."