बसलेल्या गड्यांचा कर्णधार

शाळेचा संघ असो, गणेश मंडळ असो, बचत गट असो की दूध संस्था, ज्यांच्या हाती नुकतीच चार माणसांची सूत्रे आली आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी शिकलो ते सोनगीरला, किल्ल्याखालच्या गावात, खो-खो खेळता खेळता.

खो-खोत आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ गडी मैदानात असतात. आठ जण मधल्या पाटीवर आलटूनपालटून उलटसुलट तोंडे करून बसलेले, आणि धावणारा एकटा. त्याला पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सारे मैदान मोकळे. तो बसलेल्यांमधून हवा तसा निसटतो. चांगला पळणारा एकट्याच्या पाठलागाने हाती लागू नये, अशीच या खेळाची रचना आहे. तो पलीकडे गेला की तिकडे तोंड करून बसलेल्याला खो द्यायचा.

आमच्या शालेय संघाचा कर्णधार गावातला सर्वांत चपळ मुलगा होता. एका सामन्यात कडेने पोरे ओरडत होती, 'पय रे पय!', म्हणजे पळ रे पळ. ही आरोळी धावणाऱ्यासाठीच असते, बसलेल्यांसाठी कोणी ओरडत नाही. आरोळीच्या भरात तो या खांबापासून त्या खांबापर्यंत धावत राहिला. मी पाटीवर बसलेलो. पळणारा हातभर अंतरावरून जायचा, पण खो मिळण्याआधी उठणे म्हणजे फाऊल. असे ताटकळत बसणे फार वाईट. आधी पाय सावध असतात, मग मन सैल पडते, आणि अखेर पाठीवर थाप पडते तेव्हा उठायला क्षणभर उशीर होतो. पळणाऱ्याला तेवढा क्षण पुरतो. कर्णधाराला धाप लागली, मग त्याने दिशा न पाहता घाईघाईने खो दिले. सामना गेला. नंतर तो आमच्यावर चिडला, की तुम्ही झोपला होतात. आमचे पाय जड झाले होते हे खरेच. पण ते कशाने झाले, हे त्याला कोणी सांगितले नाही. क्रीडाशिक्षकांनीही नाही.

हीच गोष्ट पुढे मी एका संस्थेत पाहिली. किल्ल्या, वह्या, बँकेची कामे, सगळे एकाच कष्टाळू माणसाकडे. तो आजारी पडला तेव्हा बाकीच्यांना हिशेबाची वहीसुद्धा उलगडेना.

म्हणून सांगतो, दम संपण्याआधी खो द्या. तो मागून, स्पर्श करून, मोठ्याने द्यावा लागतो. काम सोपवतानाही ज्याला सोपवले त्याला आणि बाकीच्यांना ते स्पष्ट कळू द्या. आणि सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. खो देणाऱ्याने उठलेल्याच्या जागी बसायचे असते. तिथे बसून पुन्हा तयार राहायचे, दुसऱ्याच्या धावेत मध्येच हात घालायचा नाही. अनेक हुशार माणसे इथेच अडतात. काम देतात, पण जागेवर बसत नाहीत.

ज्या खेळातून मी हे शिकलो, त्या खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झाला. भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असे हरवले, पुरुषांनी 54-36 असे. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या मुलामुलींना ही नावे माहीत हवीत.

सोनगीर, कापडणे, नरडाणा परिसरातल्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. यंदा कर्णधार निवडताना शर्यत लावू नका. सराव सुरू असताना कडेला उभे राहा आणि कोण योग्य वेळी खो देऊन निमूट जागेवर बसतो, ते पाहा. नाव त्याचे लिहा, तिचे लिहा.