डीपीएफबद्दल शोरूमनं आधी सांगायला हवं होतं

‘तुमचा वापरच चुकीचा आहे,’ असं मला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर चार गिऱ्हाइकांदेखत ऐकवण्यात आलं. माझी गाडी नवी, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, डिझेल नेहमी एकाच पंपावरचं. मग वापर चुकीचा कसा? घर ते दुकान, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी मुलीला क्लासहून आणायचं. सगळं शिरूर गावातच. तालुक्याच्या गावात माणूस गाडी अशीच वापरतो, आणि बुकिंगच्या वेळी सेल्समननं विचारलं तेव्हा मी हे सगळं सांगितलंही होतं. ‘डिझेलच घ्या काका, परवडेल,’ हा सल्ला त्याचा.

गाडी ताब्यात देताना हार, नारळ, फोटो सगळं झालं. सनरूफ कसं उघडायचं, मोबाइल कसा जोडायचा, हे बराच वेळ शिकवलं. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, हा शब्द मात्र कुणी उच्चारला नाही.

दौंडला ताईकडे निघालो होतो. न्हावऱ्याच्या पुढे डॅशबोर्डवर दिवा लागला आणि गाडीचा दमच गेला. पाय दाबला तरी ओढेना. गाळपाचे दिवस, मागे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. कसंबसं दौंड गाठलं. दाजींच्या ओळखीच्या मेकॅनिकनं स्कॅनर लावला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. फिल्टर काजळीनं भरलेला, गाडीनं तो जाळून साफ करायला घेतलेला आणि दर वेळी काम अर्धवट राहिलेलं. त्यानं विचारलं, ‘काका, गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहतो का?’ फिरायचा. कित्येक संध्याकाळी फिरायचा, जळका वासही यायचा. मी सर्व्हिसला बोललो होतो, तेव्हा ‘नॉर्मल आहे सर’ म्हणून माझी बोळवण केली होती. मग त्यानं डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. इंजिनमधलं ऑइल कमी झालेलं मी पाहिलंय, वाढलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिथं उभ्या उभ्या मला सगळ्याचा उलगडा झाला आणि अंगाचा तिळपापड झाला. रोज संध्याकाळी गाडी जे सांगत होती, ते ज्यांना कळत होतं त्यांनी मला सांगितलं नाही.

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर हा फिल्टर बसला. कंदिलाच्या काचेवर धरते तशी काजळी त्यात धरते. ठरावीक भरली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून फिल्टरमधलं तापमान 600 अंश सेल्सिअसच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. त्यासाठी इंजिन पुरतं तापलेलं आणि गाडी साधारण 10 ते 20 मिनिटं सलग धावती लागते. त्याआधीच दुकान आलं की काम अर्धवट, आणि न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये. ऑइल पातळ झालं की इंजिन झिजतं. फिल्टरवर माझा राग नाही. तो धुरातले कण अडवतो, ते आपल्याच पोरांच्या छातीत जायचे. राग आहे तो गप्प बसणाऱ्यांवर. वॉरंटी मागितली तर मॅन्युअलचं पान पुढे केलं. जाडजूड पुस्तक, मधलं पान, सगळं इंग्रजीत. हेच पान बुकिंगच्या दिवशी का नाही दाखवलं?

आता आठवड्यातून एकदा तरी मी न्हावरे-पारगाव मार्गे चौफुल्यापर्यंत जाऊन येतो. दौंडकरांना कुरकुंभवरून पाटसकडे सोलापूर हायवे सोयीचा. वेग साठ-सत्तरचा, गिअर एक खालचा, इंजिन 2000 आरपीएमच्या वर. शिक्रापूर-वाघोलीच्या कोंडीत रखडलेला तास यात धरू नका. दिवा लागला की पहिल्याच दिवशी मोकळ्या रस्त्याला लागा; तो लुकलुकू लागला किंवा गाडीचा दम गेला, तर मात्र गाडी पळवू नका, सर्व्हिसला न्या. टाकी रिझर्व्हवर ठेवू नका, बऱ्याच गाड्या अशा वेळी साफसफाई सुरूच करत नाहीत. डिपस्टिक स्वतः बघा. ऑइल गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या, कमी राख होणाऱ्या दर्जाचंच घाला, कारण काजळी जळते, राख फिल्टरमध्ये राहते. आणि साफसफाई चालू असताना गाडी पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका. खालचा भाग आग लागण्याइतका तापलेला असतो. सर्व्हिसिंग वेळेवर करा, बिलं जपा, हे तर आहेच.

फिल्टर कापून काढून देतो म्हणणारे भेटतील. ऐकू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटीही जाते आणि धूर गावातच राहतो.

रोजची धाव गावातल्या गावातच असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. तरीही डिझेलच घ्यायचं असेल, तर ‘माझा रोजचा वापर इतका, ही गाडी चालेल का’ हे शोरूमकडून लेखी घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं ही सेवेतली त्रुटी धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. मी तक्रार नोंदवली आहे. शिरूर-दौंडकडे ज्यांना असाच अनुभव आला असेल, त्यांनी जॉबकार्ड फेकू नये, त्यावर ‘वापर चुकीचा’ असं लिहिलं असेल तर सही करण्याआधी आपलं म्हणणंही त्याच कागदावर लिहावं आणि तक्रार नोंदवावी.